हा रोग आहे का? एका प्रश्नाचा वैद्यकीय इतिहास

श्रीवर्धनहून हरिहरेश्वराच्या वाटेने बागमांडल्याला जावे, तिथे बाणकोटची खाडी तरीने ओलांडावी, की पलीकडे वेसवीला रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. तसेच किनाऱ्याकिनाऱ्याने केळशी, आंजर्ले करत गेले, की दापोली तालुक्यातले मुरूड लागते. श्रीवर्धन आपल्या इतिहासाच्या पुस्तकात येते ते पेशव्यांचे मूळ गाव म्हणून, आणि हे मुरूड (जंजिऱ्याजवळचे मुरूड वेगळे) येते ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून. याच मुरुडात १४ जानेवारी १८८२ रोजी महर्षींचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म झाला.

वडिलांची जयंती शाळाशाळांतून साजरी होते, मुलाचे नाव मात्र तिथे क्वचितच निघते. तरीही किशोरवयातील मुलामुलींशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, अशा शिक्षकांनी रघुनाथरावांची गोष्ट जाणून घ्यावी असे आम्हाला वाटते. शरीराविषयीच्या खासगी प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. त्या प्रश्नांपैकी एक आजही नववी-दहावीच्या वर्गात कुणाच्या तरी मनात असतो. 'सगळ्यांना वाटते तसे मला वाटत नाही. मला माझ्यासारख्याच मुलाविषयी (किंवा मुलीला मुलीविषयी) ओढ वाटते. हा रोग आहे का?'

या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत एकच उत्तर दिलेले नाही. ते उत्तर का बदलले आणि ते बदलण्यात विज्ञानाच्या पद्धतीचा वाटा किती, हे आपण या लेखात पाहू.

गणिताचे प्राध्यापक आणि वाचकांचे प्रश्न

रघुनाथराव डॉक्टर नव्हते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. या कार्याचा आणि नोकरीचा मेळ बसेना, तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि पत्नी मालतीबाई यांच्या साथीने, कायम पैशांच्या ओढाताणीत, ते अखेरपर्यंत चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची सोय होती. लोक कोणते प्रश्न विचारत असतील? ज्यांना घरात, शाळेत किंवा फॅमिली डॉक्टरकडेही तोंड उघडता येत नव्हते, असेच प्रश्न येत. १९३४ साली अशाच काही उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. उत्तरे हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरची होती. याआधी १९३१ मध्ये एका लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झालेला होता.

या दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आजच्या शिक्षकालाही उपयोगी पडावा असा आहे. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असेल आणि वाचकाने त्या विषयातला प्रश्न विचारला असेल, तर संपादकाने उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे? विषयाचा नुसता उल्लेख झाला म्हणून मजकूर अश्लील ठरत नाही. समलिंगी आकर्षणाच्या बाबतीत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा आधार घेतला. न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला आणि मासिक पुढे चालू राहिले.

कर्व्यांची सगळी मते आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर टिकतील असे नाही. कोणत्याही जुन्या विज्ञानलेखकाची टिकत नाहीत. त्यांचे मोठेपण असे, की विचारणाऱ्याची लाज न काढता उपलब्ध ज्ञान त्याच्यापुढे ठेवावे, हा शिरस्ता त्यांनी मराठीत पाडला. त्याच सुमारास, १९३४ मध्येच, मुंबईचे डॉ. ए. पी. पिल्ले यांनी 'मॅरेज हायजीन' हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी या विषयाची शास्त्रीय चर्चा मुंबईत मराठीतून आणि इंग्रजीतून चालू होती. 'हे सगळे परदेशातून हल्ली आलेले खूळ आहे' असे कोणी म्हणाले, तर हा इतिहास त्याला सांगावा.

रोग कसा ठरला?

मुळात समलिंगी आकर्षण हा रोग आहे, असे डॉक्टरांना का वाटले? एकोणिसाव्या शतकाआधी बहुतेक युरोपीय देशांत ते पाप आणि गुन्हा मानले जाई. आपल्या दंडविधानातले ३७७ वे कलम १८६० साली इंग्रजांनी घातले ते याच समजुतीतून. पुढे वैद्यक पुढे सरसावले आणि पापाच्या जागी रोग आला. १८८६ साली क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने लैंगिक विकृतींवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात समलिंगी व्यक्तींच्या अनेक हकिकती होत्या. एका परीने हे पाऊल दयेचे होते, कारण रोग्याला तुरुंगात घालत नाहीत. पण रोग म्हटला की उपचार आला आणि उपचारांच्या नावाखाली पुढे जे झाले ते भयंकर होते. विजेचे झटके, मळमळ आणणारी औषधे, संप्रेरकांची इंजेक्शने असे सगळे प्रकार झाले. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या ॲलन ट्युरिंग यांना १९५२ साली इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवले गेले आणि तुरुंगवास टाळण्यासाठी अशी इंजेक्शने घ्यावी लागली. १९५४ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. झटक्यांच्या उपचारांचे वृत्तान्त १९८०च्या दशकात भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतही छापले गेले.

यातली मूळ चूक कोणती, हे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. समजा, एक पाहुणा श्रीवर्धनला आला. त्याने सरकारी दवाखान्याच्या बाकावर सकाळभर बसून आलेल्या माणसांची नोंद केली आणि 'या गावातल्या सर्वांना ताप-खोकला असतो' असा निष्कर्ष काढला. त्याची नोंद खोटी नाही, पण निष्कर्ष चुकीचा आहे. जे बरे होते ते बागेत, बंदरावर, शाळेत होते. त्यांना त्याने पाहिलेच नाही. क्राफ्ट-एबिंगच्या आणि त्याच्या मागून आलेल्या डॉक्टरांच्या समोर जी समलिंगी माणसे आली, ती इस्पितळातून किंवा न्यायालयातून आली. जी सुखाने आपले काम करीत होती, ती डॉक्टरांना दिसली नाहीत. नमुना चुकला, की उत्तर चुकते.

एक साधा, चांगला प्रयोग

ही चूक दुरुस्त करणारा प्रयोग अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी केला. त्यांनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष निवडले. यांपैकी कोणीही रुग्ण म्हणून आलेला नव्हता. वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक यांनुसार त्यांच्या जोड्या जुळवल्या. सर्वांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या आणि त्यांचे कागद, नावे व ओळख काढून टाकून, त्या चाचण्यांतील नामांकित तज्ज्ञांकडे दिले. तज्ज्ञांना दोन गोष्टी सांगायच्या होत्या. ही व्यक्ती मानसिकदृष्ट्या कितपत निरोगी आहे? आणि जोडीतली समलिंगी व्यक्ती कोणती?

दोन्ही गटांच्या मानसिक आरोग्यात तज्ज्ञांना फरक आढळला नाही. समलिंगी कोण हे त्यांना नाणे उडवून ठरवावे त्याहून चांगले ओळखता आले नाही. समलिंगी असणे हा मनोविकार असता, तर तो त्या कागदांत दिसायला हवा होता. हा निष्कर्ष १९५७ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाला महागडे उपकरण लागले नाही. तुलनेसाठी दुसरा गट, योग्य नमुना आणि उत्तर ठाऊक नसलेला परीक्षक एवढ्या तीन गोष्टी पुरल्या. अकरावी-बारावीच्या मुलांना प्रयोगाची रचना शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

एका प्रयोगाने मत बदलत नाही. पुढे इतरांचे अभ्यास झाले आणि त्यांच्या जोडीला समलिंगी नागरिकांच्या चळवळी झाल्या. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तेच केले. आपण मुलगा की मुलगी याविषयीची आतली जाणीव आणि जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, त्या पारलिंगी व्यक्तींची वेळ उशिरा आली. रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले, त्यांची अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून हलवण्यात आली.

आकर्षणाचे कारण काय, याचे एका वाक्यातले उत्तर विज्ञानाजवळ नाही. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 'समलैंगिकतेचे जनुक' असे एखादे सापडले नाही. अत्यल्प प्रभावाची अनेक जनुके आणि इतर घटक यांचा तो एकत्रित परिणाम दिसतो. आकर्षण ठरवून स्वीकारता येत नाही आणि उपदेशाने किंवा उपचाराने बदलता येत नाही, एवढे मात्र पुरेशा अनुभवाने सिद्ध झाले आहे.

किशोरांचे डॉक्टर

इथपर्यंतची चर्चा प्रौढांची झाली. पण हा प्रश्न मनात प्रथम उठतो तो वयात येताना. दहा ते एकोणीस या वयाला जागतिक आरोग्य संघटना किशोरवय म्हणते, आणि या वयासाठी वेगळा डॉक्टर असावा ही कल्पना तशी अलीकडची. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात भिंतीवर ससे-हत्ती रंगवलेले असतात, तिथे मिसरूड फुटलेल्या मुलाला संकोच वाटतो. मोठ्यांच्या डॉक्टरकडे गेले तर डॉक्टर आईशीच बोलतात.

बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळात डॉ. रॉसवेल गॅलघर यांनी १९५१ साली किशोरांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. अशा प्रकारचा हा पहिला विभाग मानला जातो. गॅलघर त्याआधी अँडोव्हर येथील एका निवासी शाळेचे डॉक्टर होते, आणि शाळेतल्या मुलांमध्ये वावरल्यामुळेच त्यांना ही गरज कळली. त्यांचे सूत्र साधे होते. रुग्ण हा मुलगा किंवा मुलगी आहे, तेव्हा बोलायचे ते तिच्याशी किंवा त्याच्याशी, आणि काही वेळ तरी एकांतात.

या शाखेतल्या पुढच्या पिढीत मिनेसोटा विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ डॉ. गॅरी रेमाफेडी यांनी समलिंगी आणि द्विलैंगिक किशोरांचे आरोग्य हाच आपला विषय केला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या विषयावरचे पहिले निवेदन १९८३ साली काढले होते, पण हाताशी माहिती फार थोडी होती. १९८७ मध्ये रेमाफेडींनी २९ मुलग्यांच्या मुलाखतींवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. नंतर १९९१ मध्ये १४ ते २१ वयाच्या १३७ जणांचा अभ्यास आला. त्यांपैकी ४१ जणांनी, म्हणजे दर दहांत तिघांनी, आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. पहिल्या प्रयत्नांपैकी एक तृतीयांश त्याच वर्षी झाले होते, ज्या वर्षी त्या मुलाने 'मी असा आहे' हे स्वतःशी मान्य केले. मुलाला स्वतःची ओळख पटण्याचे आणि कोणालाच काही सांगता न येण्याचे ते वर्ष सर्वांत धोक्याचे ठरले होते.

आता चौकस वाचक विचारील, की हे १३७ जण आपणहून पुढे आलेले, मग दवाखान्याच्या बाकाची चूक इथेही झाली नाही कशावरून? आक्षेप योग्य आहे. रेमाफेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्याचे उत्तर दिले. त्यांनी मिनेसोटा राज्यातील सार्वजनिक शाळांत सातवी ते बारावीच्या ३६ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी १९८७ साली भरलेल्या निनावी प्रश्नावल्या घेतल्या. हा नमुना दवाखान्यातला नव्हता, वर्गातला होता. त्यातील समलिंगी किंवा द्विलैंगिक मुलग्यांपैकी २८.१ टक्क्यांनी, तर तुलनेसाठी घेतलेल्या भिन्नलिंगी मुलग्यांपैकी ४.२ टक्क्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे लिहिले होते.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल, 'म्हणजे शेवटी हा रोगच!' या शंकेचे निरसन २००९ साली कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने केले. त्यांनी २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी व द्विलैंगिक तरुण-तरुणींना विचारले, की किशोरवयात घरच्यांनी तुम्हाला कसे वागवले? ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, ज्यांना नकार मिळाला नाही किंवा फारच कमी मिळाला त्यांच्यापेक्षा ८.४ पट होते. दोन्हीकडची मुले समलिंगीच होती, आणि मोजलेला फरक होता तो मोठ्यांच्या वागण्यातला. मलेरियाचा संबंध माणसाच्या रक्तगटापेक्षा अंगणातल्या साचलेल्या पाण्याशी जोडावा, तसे हे कारण आता मुलाच्या आतून बाहेर, घराच्या आणि शाळेच्या वातावरणात शोधावे लागते.

आपल्याकडे

भारतात किशोर-आरोग्य ही शाखा उशिरा रुजली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेत किशोर-आरोग्याचा स्वतंत्र विभाग २००० साली स्थापन झाला, आणि त्या वर्षी संघटनेच्या अध्यक्षा होत्या महाराष्ट्रातील डॉ. स्वाती भावे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या 'तारुण्यभान' या उपक्रमाने हजारो मुलामुलींशी मराठीतून मोकळा संवाद साधला. दुसऱ्या बाजूने समलिंगी समाजातूनच संस्था उभ्या राहिल्या, मुंबईत १९९४ साली 'हमसफर' आणि पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांचा 'समपथिक' ट्रस्ट. खिरे यांनी या विषयावर सोप्या मराठीत पुस्तके लिहिली, ती शिक्षकांनी अवश्य वाचावीत.

शासनाची पावले मात्र पुढे-मागे पडत राहिली. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतील किशोरशिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. ७ जानेवारी २०१४ रोजी केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील किशोरांसाठीच्या दवाखान्यांना महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक' म्हणतात.

कायद्याचीही वाट वळणाची होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत असा निर्वाळा दिला. दरम्यान २०१४ च्या 'नालसा' निकालाने पारलिंगी व्यक्तींचा आपली लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही.

डॉक्टरांची पुस्तके मात्र कायद्याच्या मागे राहिली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रकरणात त्यावर बोट ठेवले. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अवमानकारक मजकूर टाळण्याची सूचना काढली आणि २०२२ मध्ये लैंगिक कल 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायवैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध 'अनैसर्गिक गुन्ह्यां'खाली परत आले. विरोध झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो मजकूर मागे घ्यावा लागला. जुने उत्तर पुस्तकांतून किती चिवटपणे डोके वर काढते, ते यावरून दिसेल.

शिक्षकाचे काम

श्रीवर्धनसारख्या गावात या विषयाचा जाणकार समुपदेशक हाताशी असेलच असे नाही, आणि मुंबई-पुणे दूर आहे. शिवाय लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे मूल अधिकच गप्प राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा पडलेली झाडे सर्वांना दिसली, पंचनामे झाले, मदत आली. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाच्या मनात काय पडले आहे, त्याचा पंचनामा होत नाही. ते दिसले तर शिक्षकालाच दिसेल.

शिक्षकाने डॉक्टर होण्याची गरज नाही. काही साध्या गोष्टी पुरतात. मूल बोलले तर पूर्ण ऐकून घ्यावे. 'हा रोग नाही, असे वाटणारा तू एकटा नाहीस,' हे स्पष्ट शब्दांत सांगावे. आत्ताच स्वतःला कोणते नाव द्यायचे याची घाई करू नये, आणि 'वय आहे, जाईल' असे म्हणून बोळवणही करू नये. त्याने सांगितलेली गोष्ट शिक्षकखोलीत नेऊ नये, आणि त्याच्या संमतीवाचून घरीही सांगू नये, कारण घरचा नकार किती महाग पडतो हे आपण वर पाहिले. जिवाला धोका दिसला किंवा कोणी लैंगिक अत्याचार केल्याचे कळले, तर मात्र गुप्ततेचे वचन पाळता येत नाही. जिवाचा धोका दिसताच मुलाला एकटे न सोडता जबाबदार मोठ्या माणसाची आणि डॉक्टरांची मदत घ्यावी लागते, आणि अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. या मर्यादा मुलाला आधीच सांगाव्यात. आकर्षण आणि अत्याचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच्या मनात पक्के करावे. मन फार खचलेले दिसले, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही फोन विनामूल्य आहेत.

आणि वर्गात कोणी एखाद्याला चालण्या-बोलण्यावरून चिडवू लागले, तर ते तिथल्या तिथे थांबवावे. त्या क्षणी सगळा वर्ग शिक्षकाकडे पाहत असतो. ज्याने अजून कोणालाच काही सांगितलेले नाही, असे मूलही त्यात असते, आणि गुरुजी किंवा बाई काय म्हणतात यावरून ते ठरवत असते, की या माणसाला विचारता येईल की नाही.